दुकान साधे असावे, माहिती पुरी असावी

फर्निचरच्या धंद्यात आमच्या समाजाचे हात जुने आहेत. सहारनपूरचे शिसवीवरील कोरीवकाम घ्या किंवा मुंबईतील ओशिवरा-जोगेश्वरीच्या बाजारातले पलंग आणि कपाटे घ्या, रंधा आणि पटाशी चालविणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. परंतु मालावर नाव बहुधा दुसऱ्याचे असते. कारागिराच्या हाती मजुरी पडते आणि नफा शोरूमवाल्याकडे जातो. आता मोबाईलवर स्वतःचे दुकान उघडता येते. त्यामुळे काही तरुण बांधव उंची फर्निचरचा स्वतःचा ब्रँड काढू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र हे दुकान मांडताना दोन चुका होताना आम्हांला दिसतात.

पहिली चूक गोंगाटाची. मोठ्या कंपन्यांची नक्कल करून पानभर लाल-पिवळ्या पट्ट्या लावल्या जातात. आधी किंमत फुगवायची आणि मग ‘सत्तर टक्के सूट’ लिहायचे. गोदामात माल पडून असताना ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी घाई करायची. पन्नास हजारांचा सागवानी पलंग घेऊ पाहणारा गिऱ्हाईक अशा पानावर टिकत नाही. जेथे एवढा आरडाओरडा आहे तेथे माल हलका असणार, असे त्याला वाटते आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि आमच्या मते ती अधिक घातक आहे. पांढरे स्वच्छ पान, एक सुंदर छायाचित्र, एक इंग्रजी नाव आणि खाली किंमत. बस्स, एवढेच! लाकूड कोणते, आत प्लायवूड आहे की एमडीएफ, वरचा थर व्हिनियरचा आहे काय, फळीची जाडी किती, याचा पत्ता नाही. याला साधेपणा म्हटले जाते. आम्ही याला लपवाछपवी म्हणतो.

साधेपणा काय असतो, हे डीटर राम्स या जर्मन रचनाकाराच्या कामातून समजते. त्यांनी १९६० साली व्हिट्सो कंपनीसाठी भिंतीवरील फळ्यांची ‘६०६’ ही मांडणी तयार केली. ती आजही बनते आणि विकली जाते. चांगल्या रचनेची जी दहा तत्त्वे त्यांनी सांगितली, त्यांत रचना शक्य तितकी कमी असावी हे एक तत्त्व आहे, आणि रचना प्रामाणिक असावी हेही एक आहे. ही दोन्ही तत्त्वे एकत्र पाळायची आहेत. अनावश्यक ते काढायचे, गिऱ्हाइकाला आवश्यक ते काढायचे नाही.

आमच्या वाचकांना यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. मोबाईलच्या पडद्यावर गिऱ्हाईक ढिगात हात घालू शकत नाही. म्हणून आतला माल वर आणून दाखविण्याची जबाबदारी दुकानदारावर अधिक येते.

आमच्या फिकहमध्येही या धंद्याचे नियम तयार आहेत. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क हनफी फिकहने खरेदीदाराला दिला आहे. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून वस्तू बनवून देण्याच्या कराराला इस्तिस्ना म्हणतात. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंग्रहाने त्याविषयी ठरविले, की माल वर्णनाप्रमाणे असेल तर दोघांपैकी कोणालाही माघार घेता येत नाही. माल वर्णनाशी जुळत नसेल, तर मात्र तो घ्यावा की नाही हे खरेदीदाराने ठरवायचे. म्हणजे सारा करार वर्णनावर उभा आहे. अर्धवट वर्णन लिहिणारा कारागीर गिऱ्हाइकाला फसवतोच, शिवाय स्वतःचा आधारही घालवतो.

तेव्हा पान कसे मांडावे? नग थोडे ठेवावेत. दहाच वस्तू असोत, पण त्या आपल्या कसबाच्या असाव्यात. पार्श्वभूमी कोरी, अक्षर ठळक आणि मागणीचे बटण एकच असावे. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत: समोरून, बाजूने, पाठीमागून, ड्रॉवर उघडून, खालच्या बाजूने आणि सांध्याजवळून. एका चित्रात शेजारी माणूस उभा असावा, म्हणजे आकार लगेच कळतो. छायाचित्रे जड ठेवू नयेत, नाहीतर साध्या मोबाईलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातो. त्याखाली लाकडाचे नाव, फळीची जाडी, लांबी-रुंदी-उंची, वजन, पॉलिशचा प्रकार, बनविण्यास लागणारे दिवस, आणि माल जिन्याने वर चढविण्याचा खर्च कोणाचा, हे लिहावे. लाकडातील गाठ दिसत असेल तर ती दाखवावी. कोकणच्या पावसाळ्यात ड्रॉवर थोडा फुगतो, हेही सांगावे.

कायदाही हेच मागतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार पोहोचविण्याच्या खर्चासह एकूण किंमत दाखवावी लागते, परतीच्या अटी लिहाव्या लागतात आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एक महिन्यात करावे लागते. खोटी घाई लावणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेणे यांना नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

काही बांधव म्हणतील, एवढे सगळे सांगितले तर गिऱ्हाईक पळेल. पळू द्या! व्हिनियरला सागवान समजून घेणारा गिऱ्हाईक उद्या कपाट परत पाठवील. मुंबईहून नागपूरला गेलेले कपाट परत आणण्याच्या भाड्यात दोन कपाटांचा नफा बुडतो आणि नाव जाते ते वेगळेच. सर्व वाचून मागणी देणारा गिऱ्हाईक मात्र टिकतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो. खरे बोलून दोष उघड करणाऱ्यांच्या व्यवहारात बरकत असते आणि लपविणाऱ्यांची बरकत पुसली जाते, ही हदीस व्यापाऱ्यांसाठीच आहे.

आणि शेवटची एक गोष्ट. आपले नाव शोरूमवाल्याने झाकले, ही आमची जुनी तक्रार आहे. आज ब्रँड काढणाऱ्या तरुणाकडेही दोन-चार मिस्त्री कामाला असतात. त्यांच्या मालावर फक्त आपल्या ब्रँडचे नाव घातले, तर फरक काय राहिला? प्रत्येक वस्तूच्या पानावर, संमती घेऊन, ती बनविणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे. एका ओळीची जागा लागेल. पान कितीही साधे ठेवायचे असले, तरी ती ओळ काढू नये.