थांब गं, तापू दे जरा!

"घरात हे शॉकचे उद्योग नकोत हं!" टेबलावरचा काचेचा व्हॉल्व्ह बघून बाबांनी फर्मानच सोडलं. लहानपणी जुना रेडिओ उघडून त्यांनी सणसणीत झटका खाल्लाय. त्यांची भीती खोटी नाही. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये एरवी दोन-अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर झटका देऊ शकतो.

पण बॉस, माझा हेडफोन अॅम्प चालतो फक्त 12 व्होल्टवर! घरातली 230 व्होल्टची वीज विकतच्या अॅडॉप्टरपाशीच थांबते. व्हॉल्व्ह आहे ईसीसी82, म्हणजेच 12एयू7. एकाच काचेत दोन ट्रायोड, एक डाव्या कानाचा, एक उजव्या. इतक्या कमी व्होल्टेजवर तो सिग्नल थोडा वाढवतो, पण हेडफोन चालवायची ताकद त्याच्यात नसते. ते काम आयआरएफ510 हे दोन मॉसफेट करतात. थोडक्यात काय, जुन्या-नव्याचं लव्ह मॅरेज!

करून बघायचंय? मग दोन टिप्स. मॉसफेट जाम तापतात, त्यांना मोठे हीटसिंक लावाच. सुरू करताना 'धप्प' होतं, म्हणून आधी स्विच, मग हेडफोन. तोही पहिल्यांदा स्वस्तातलाच.

रविवारी स्विच टाकला, हेडफोन लावला. शांतता! मी मल्टिमीटर शोधायला लागले, तर मागून बाबा म्हणाले, "थांब गं, तापू दे जरा. आमचा रेडिओ असाच लागायचा."

अर्ध्या मिनिटात आत लालसर उजेड दिसला आणि गाणं सुरू झालं. हेडफोन? तो अजून बाबांच्याच कानावर आहे!