वसतिगृहात काय पाळावे?

महाविद्यालयीन वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जामागे नियमांची जी यादी छापलेली असते, तिच्यात हीटर वापरू नये, भिंतींना खिळे ठोकू नयेत, ठरल्या वेळेनंतर बाहेर राहू नये या कलमांच्या शेजारीच बहुधा आणखी एक कलम असते : खोलीत कोणताही प्राणी पाळू नये. पालक सही करतात, विद्यार्थी सही करतो, आणि पहिले सत्र संपायच्या आत कुठल्यातरी खोलीत कॉटखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, मांजरीचे पिल्लू सापडते. अधीक्षक संतापतात, विद्यार्थी रडवेला होतो, पिल्लू आवाराबाहेर जाते आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारी मंडळी आहोत. हा प्रश्न असा मिटत नाही, असे आमचे मत आहे. किंबहुना तो अजून नीट मांडलाच गेलेला नाही.

भाषेच्या शिक्षकांनी सुरुवात भाषेपासूनच करावी. मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण कुत्रा पाळतो, नियम पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : पाळणारा स्वतःला बांधून घेतो. शब्द सोयीपुरता पाळता येत नाही आणि पथ्य आवडेल त्या दिवशी पाळून भागत नाही. म्हणजे वसतिगृहाच्या त्या कलमात ‘पाळू नये’ असे लिहिणारा आणि ते कलम न पाळणारा हे दोघे वास्तविक एकाच क्रियापदाच्या दोन बाजूंना उभे आहेत. वादाचा खरा मुद्दा प्राणी आवडतो की नाही हा नाहीच. तीन वर्षांच्या मुक्कामाला आलेल्या माणसाने दहा-पंधरा वर्षे जगणाऱ्या जिवाशी स्वतःला बांधून घ्यावे का, आणि तसे बांधून घेणे त्याला शक्य तरी आहे का, हा तो मुद्दा आहे.

आमचे विद्यार्थी कुठून येतात हे येथे विसरून चालणार नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या मुलाला प्राण्याचा सहवास हा छंद नसतो. ती घराची रचनाच असते. एकाच छपराखाली पुढे माणसे आणि मागे गोठा, अंगणात शेळ्या, उंबऱ्याशी कुत्रे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत याच भागात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा जनावरांमागोमाग माणसेही छावणीत राहायला गेली. वसतिगृह या संस्थेचे हे एक उलटे रूपच म्हणावे लागेल : येथे मूळ रहिवासी जनावर, आणि माणूस त्याच्या सोबतीला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा गोठ्यातली जनावरे सोडून घर सोडायला कित्येक कुटुंबे तयार नव्हती, हेही सांगलीकर विसरलेले नाहीत. अशा घरातून निघालेला मुलगा अठराव्या वर्षी तीन कॉटच्या खोलीत येतो, आणि आजवर ज्या आवाजांनी त्याची पहाट होत असे ते सर्व आवाज एका रात्रीत बंद होतात. त्याने खोक्यात आणून ठेवलेले पिल्लू ही बेशिस्त आहे, हे खरेच. पण ती केवळ बेशिस्त आहे असे म्हणणारा अधीक्षक त्या मुलाला ओळखत नाही.

तथापि येथेच आम्हाला दुसरी बाजू मांडली पाहिजे. गोठ्यातली जनावरे एकट्याची नसतात. म्हैस आजीने पाहिलेली असते, वैरण बापाने टाकलेली असते, धार आईने काढलेली असते. मुलगा परीक्षेला गेला म्हणून जनावर उपाशी राहत नाही. वसतिगृहाच्या खोलीतले पिल्लू मात्र एकट्याचे असते. तासिका, प्रात्यक्षिके, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, या प्रत्येक वळणावर त्याला विचारणारे कोणी नसते. शेवटच्या पेपरनंतर ट्रंक एसटीच्या टपावर चढते आणि पिल्लू मेसच्या मागच्या दारी उरते. तोवर ते हातून खायला शिकलेले असते आणि शोधून खायला विसरलेले असते. मायेतून उपजलेली क्रूरता ही अशी असते, आणि तिच्यावर कोणाचीही सही नसते.

शिवाय खोली एकट्याची नसते. पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’ या लेखात दुसऱ्याच्या घरातल्या प्राण्यांपुढे सापडलेल्या माणसाची जी गंमत केली आहे, ती वाचताना आपण सगळेच हसतो. पण ती गंमत पाहुण्याची आहे, आणि पाहुणा तासाभराने घरी जातो. खोलीतला सोबती कुठे जाणार? कोणाला दमा असतो, कोणाला केसांची ॲलर्जी असते, कोणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कोणाच्या घरच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना निराळ्या असतात. त्यातून वसतिगृहातली सत्ता बहुधा वरच्या वर्गातल्या मुलांकडे असते. सीनियरने आणलेल्या कुत्र्याविषयी पहिल्या वर्षाच्या मुलाने तक्रार करावी, ही अपेक्षा वसतिगृह न पाहिलेल्यांनीच बाळगावी. म्हणून खोलीत प्राणी पाळण्याला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही निःसंदिग्धपणे नोंदवतो.

या विषयात इंग्रज कवी बायरनचे उदाहरण हटकून दिले जाते. १८०७ मध्ये त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात एक अस्वल आणले. कॉलेजात कुत्रा पाळायला मनाई होती, अस्वलाविषयी नियम काहीच बोलत नव्हता, म्हणून त्याने ही वाट काढली, असे सांगितले जाते. हे अस्वल इथे फेलोशिपसाठी बसणार आहे, असा विनोदही त्याने एका पत्रात केला. तरुणाईच्या बंडखोरीचा नमुना म्हणून आपण ही गोष्ट वर्गात सांगतो. सांगायचे राहून जाते ते असे की, बायरन उमराव होता; केंब्रिज सुटल्यावर अस्वलाला ठेवायला त्याच्यापाशी न्यूस्टेड ॲबीसारखे वडिलोपार्जित वास्तुवैभव होते. जतहून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यापाशी न्यूस्टेड नाही. एकट्याने पाळण्याची हौस ही ज्याला पाठीमागे जागा आणि नोकर आहेत त्याची चैन असते. त्या चैनीला स्वातंत्र्य हे नाव देण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

मग प्रश्न नियमानेच मिटला का? नाही. कारण प्राण्याची मागणी ही पुष्कळदा सोबतीची मागणी असते. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी येथील एका विद्यार्थिनीला नैराश्य आणि चिंताविकारामुळे आपला लहानसा कुत्रा विद्यापीठाच्या निवासात जवळ ठेवायचा होता. परवानगी मिळाली नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. घरांबाबत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा विद्यापीठाच्या निवासांनाही लागू होतो, असा निर्णय २०१३ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. तो कायदा आपल्याकडे नाही. पण तिच्या मागणीमागचा एकटेपणा आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत सांगितले आहे. मांजराशी बोलणारा विद्यार्थी माणसाशी का बोलत नाही, हा प्रश्न त्या तत्त्वांच्या मुळाशीच आहे. खोके जप्त करताना अधीक्षकांनी तो स्वतःला विचारला, तर जप्तीही निराळ्या रीतीने होईल.

याच वर्षाच्या ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचाच आणखी एक आदेश आला. शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांची आवारे कुंपणाने सुरक्षित करावीत, तेथील मोकाट कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असे त्यात म्हटले होते. देखरेखीसाठी प्रत्येक संस्थेने एक जबाबदार अधिकारी नेमावा, असेही होते. एरवी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचे तत्त्व कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडावे असे आहे. आवारांपुरता तो मार्ग या आदेशाने बंद केला. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, हे ध्यानात घेता आदेशामागची काळजी समजण्याजोगी आहे. पण या आदेशाने एक अप्रिय सत्यही उघडे पाडले : आपल्या आवारांतली ही कुत्री मोकाट झाली कशी? त्यांतली काही तरी आमच्या विद्यार्थ्यांच्याच खोक्यांतून मोठी झाली, मेसच्या खरकट्यावर पोसली आणि तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी त्यांना नावे ठेवून निरोप घेतला. सर्वांनी लाड केले आणि कोणीच पाळले नाही.

वास्तविक वसतिगृहात काय पाळावे याचे उत्तर साताऱ्याइतके दुसऱ्या कुठल्याही गावापाशी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये येथे वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नाव मिळाले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे वाटून घेत. वसतिगृह ही फुकटची निवाससोय नसून वाटून घेतलेल्या कामाची शाळा आहे, हा त्यामागचा विचार होता. पुढे ‘कमवा आणि शिका’ या योजनेने तो महाराष्ट्रभर नेला. आज कामे कंत्राटदाराकडे गेली, मेस ठेकेदाराकडे गेली आणि विद्यार्थी भाडेकरू झाला. भाडेकरूला खोलीत काय ठेवावे आणि काय ठेवू नये, एवढाच प्रश्न पडतो. रहिवाशाला आवारात काय सांभाळावे, हा प्रश्न पडतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. खोलीत प्राणी नको. पण आवारात जे मुके जीव आहेतच, त्यांची जबाबदारी वसतिगृहाने एक संस्था म्हणून नाव घालून स्वीकारावी. मेसभोवतीच्या मांजरांचे लसीकरण व निर्बीजीकरण पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने करून घ्यावे. खरकट्याची विल्हेवाट आणि सुट्टीतली देखभाल ही कामे विद्यार्थ्यांत पाळीपाळीने वाटावीत आणि जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या हाती नोंदवही द्यावी. कुत्री कायद्यानुसार हलवावी लागत असतील तर ती रात्रीत गाडीत कोंबून नव्हे, तर कुठे गेली, कोणाच्या ताब्यात आहेत याची नोंद ठेवून हलवावीत. त्यांतले एखादे गावाकडचे घर दत्तक घेत असेल तर तसे आधी पाहावे. पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे तर पहिल्याच दिवशी सांगावे. आणि कॉटखाली खोके सापडलेल्या मुलाला दंडाची पावती देण्याआधी त्या कामात घ्यावे.

ही भाबडी अपेक्षा आहे, असा आक्षेप येईल. अधीक्षकांकडे माणसे नाहीत, संस्थेकडे पैसा नाही, आणि उद्या कोणाला चावा बसला तर उत्तर कोण देणार? आक्षेप रास्त आहे. पण आज चावा बसला तरी उत्तर देणारा कोणी नाहीच. नोंदवही नसलेल्या कुत्र्याला लस मिळाली होती की नाही, हे कोण सांगणार? जबाबदारी घेतल्याने धोका वाढत नाही, तो दिसू लागतो. त्याला भिऊन आपण तो न पाहणेच पसंत करतो.

प्रेमाचेही एक शिक्षण असते, आणि ते आमच्याच अभ्यासक्रमाच्या परिसरात आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या प्रसंगी त्याने धन्याचा जीव वाचवला अशी कथा सांगतात. राजाने मायेला दगडात नाव दिले. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी दुसरी वाट दाखवली : ‘सत्तांतर’मधली वानरे त्यांनी पाळली नाहीत, पाहिली, पिंजरा नाही, पट्टा नाही, नुसते चिकाटीचे निरीक्षण. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आम्ही वर्गात सत्तासंघर्षाचे रूपक म्हणून शिकवतो. ते प्राण्यावर ताबा न सांगता त्याच्याशी नाते जोडण्याचा धडाही आहे, हे सांगायला आमच्याजवळ तासिका उरत नाही. विद्यार्थ्याजवळ राजाची दौलत नसते, पण माडगूळकरांची नजर त्याला कमावता येते. तिला खोलीभाडे लागत नाही.

नियमावलीतले कलम पुसून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याखाली आणखी एक ओळ छापावी, एवढेच सुचवतो : आवारातल्या प्राण्यांच्या देखभालीत प्रत्येक रहिवासी आपली पाळी पाळील. सही त्या ओळीखालीही घ्यावी. विद्यार्थ्याची तर घ्यावीच, पण आधी संस्थेची घ्यावी.