सायकलीला ऊन किती लागतं?

दोस्तांनो, मे महिन्यात भर दुपारी बाळापूरच्या किल्ल्यात कोणी उभं राहून पाहिलंय का? मन नदीच्या काठचा तो तट तव्यासारखा तापलेला असतो. वऱ्हाडातलं ऊनच तसं! डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय आणि खिशात कांदा ठेवल्याशिवाय आजी घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पण याच उन्हात तिचे पापड, कुरडया, सांडगे कसे खडखडीत वाळतात! मग हेच ऊन बॅटरीच्या सायकलीला पाजता आलं तर?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय, घरी प्लग लावला की झाली सायकल चार्ज!" खरं आहे. पण प्लगमधली वीज कुठून येते? बाळापूर तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशाचीच. म्हणजे सायकल धूर सोडत नाही, पण तिच्या वाटचा धूर दुसरीकडच्या चिमणीतून निघतो. शिवाय लाइन गेली, की प्लग असून नसल्यासारखा!

तेव्हा आज आपण एक हिशोब मांडू. सायकलीची भूक किती आणि ऊन तिला जेवायला किती देतं?

आधी भूक. बॅटरीच्या साध्या सायकलीत पुष्कळदा ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची बॅटरी असते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. आले ३६० वॅट-तास. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे सायकलीचं पोट भरायला अर्धं युनिटसुद्धा लागत नाही! तुम्ही पॅडल मारत राहिलात, तर किलोमीटरला १० ते १२ वॅट-तास पुरतात. बाळापूर ते अकोला हे सुमारे २५ किलोमीटर अंतर एका चार्जिंगमध्ये सहज पार होईल.

आता जेवण. स्वच्छ आकाश असेल, तर भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. चांगलं सौर पॅनेल त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शाची वीज करतं. म्हणजे २०० वॅट. आपण अर्ध्या चौरस मीटरचं, १०० वॅटचं पॅनेल घेऊ. उघडलेल्या वर्तमानपत्राहून थोडंसंच मोठं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून दिवसभराचा हिशोब केला, तर ते भर दुपारच्या साधारण पाच तासांएवढं भरतं. झाले ५०० वॅट-तास. त्यातून उष्णता, धूळ, वायर आणि उपकरणं आपापला वाटा खातात. हाती राहतात सुमारे ३५०.

जुळलं की नाही? सायकलीची भूक ३६०, उन्हाचं ताट ३५०!

पण थांबा. खरी अडचण पुढेच आहे. ऊन असतं तेव्हा सायकल कुठे असते? तुमच्याबरोबर शाळेत! आणि संध्याकाळी तुम्ही घरी येता, तेव्हा सूर्यही आपल्या घरी निघालेला असतो. मग काय करायचं?

पहिला विचार मनात येतो तो असा, की पॅनेल कॅरिअरवरच बसवू. पण तिथे २०-३० वॅटचं पॅनेल जेमतेम मावतं. त्यात आपण सायकल लावतो लिंबाच्या सावलीत. सावली तर पॅनेलची वैरीण. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. रांगेत एकजण अडला की मागचे सगळे खोळंबतात ना, तसंच एका सेलवर सावली पडली तरी बाकीच्यांचं काम मंदावतं.

दुसरी युक्ती म्हणजे दोन बॅटऱ्या. एक सायकलीवर, दुसरी घरी पॅनेलला जोडलेली. संध्याकाळी अदलाबदल. आपल्या देशात ही युक्ती सायकलरिक्षासाठी वापरून पाहिली गेली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 'सोलेकशॉ' नावाची रिक्षा तयार केली. २ ऑक्टोबर २००८ रोजी ती दिल्लीत चांदनी चौकात रस्त्यावर आली. पॅडल होतेच, जोडीला मोटर होती. बॅटरी उतरली, की सौर केंद्रावर जायचं, रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. पण बॅटरी हाच अशा गाडीचा महागडा भाग. दोन घ्यायच्या म्हणजे खर्च वाढला.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत पटते. घडीचं पॅनेल! बॅगेसारखं मिटतं, गाडीवर ठेवता येतं आणि मुक्कामाला उघडता येतं. पण ते कोणाच्या कामाचं? ज्याचं फिरणं थोडं आणि उभं राहणं फार, त्याच्या. तीनचाकीवर भाजी घेऊन आठवडी बाजारात बसणारे काका आठवा. किंवा हाताने पॅडल फिरवत तीनचाकी चालवणारे आणि दिवसभर एका कोपऱ्यावर खाऊ विकणारे दिव्यांग दादा. त्यांच्या गाडीला मोटर लावली आणि किलोमीटरला २५ वॅट-तास लागले असं धरू. रोजचे १२ किलोमीटर म्हणजे ३०० वॅट-तास. ते दिवसभर उभे असतात, तेवढ्या वेळात शेजारी उघडलेलं एक पॅनेल एवढी वीज देऊ शकतं. संध्याकाळी चढावर त्यांचे दंड भरून येणार नाहीत. हे काय थोडं झालं?

आता प्रवाशांची ई-रिक्षा घ्या. तिची ४८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४८०० वॅट-तास. छपरावर दोन चौरस मीटर पॅनेल बसवलं, तरी दिवसाला सुमारे १४०० मिळतात. तिसरा हिस्साही नाही! तेव्हा 'छपरावरच्या उन्हावर दिवसभर चालणारी रिक्षा' असं कोणी सांगितलं, तर आधी हा गुणाकार करून बघा.

म्हणूनच गाडीची भूक कमी करणं हे पहिलं काम. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या रिक्षेवर काम केलं, तेव्हा साध्या सायकलरिक्षेचीही सुधारणा केली. तिला गिअर दिले, ब्रेक सुधारले. ओढायला हलकी गाडी असेल, तर माणूस दमत नाही आणि मोटरही कमी वीज खाते.

आता काही पथ्यं, बरं का! पॅनेल उन्हात ठेवा, पण बॅटरी नेहमी सावलीत. लिथियम बॅटरीला ताप सोसत नाही. पॅनेलही तापलं की सुस्तावतं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची वीज शेकडा ०.४ च्या आसपास घटते. मे महिन्यात ते ६५ अंशांपर्यंत तापलं, तर १०० वॅटचे ८४ च उरतात! दुसरं पथ्य असं, की पॅनेलच्या वायर थेट बॅटरीला कधीच जोडायच्या नाहीत. लहान पॅनेल साधारण १८ व्होल्टचं असतं आणि ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरते ४२ व्होल्टला. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत आपोआप चढतं का? मधे पंप लागतो. इथे तो पंप म्हणजे व्होल्ट वाढवणारा आणि बॅटरी भरली की थांबणारा चार्ज कंट्रोलर. त्याची जोडणी जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

करून पहा : अंगणात किंवा गच्चीवर पॅनेलसाठी दोन जागा निवडा. सुटीच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ४ पर्यंत दर तासाला बघा, कुठे ऊन आहे, कुठे सावली. वहीत खुणा करा. मग जास्त उन्हाच्या जागी एक पाट दक्षिणेकडे उतरता, सुमारे २० अंश तिरपा ठेवा. बाळापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २१ अंशांवर आहे, म्हणून वर्षभराच्या हिशोबाने ही उतरण बरी. सावली आली, की आजी वाळवणाची चादर सरकवते. तुम्हाला तुमचा पाट किती वेळा सरकवावा लागला? आकडे लिहून आम्हाला पत्राने जरूर कळवा. आणि हो, हाच तक्ता ऐन पावसाळ्यात पुन्हा करायला विसरू नका. प्लगला सुट्टी कधी द्यायची आणि त्याला हाक कधी मारायची, ते तोच सांगेल.