कन्या तीच, डबे नवे

शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीवर लॅपटॉपची सॅक सांभाळत धावणारी पब्लिक दिसली, की समजायचं कोकणकन्या लागलीये. बर्थ नंबर सगळ्यांना तोंडपाठ. पण बॉस, रात्रभर ज्यात झोपतो तो डबा कुठल्या जातीचा, हे कधी बघितलंयत?

जून २०१९ पर्यंत या गाडीला जुने आयसीएफ डबे होते. चेन्नईच्या पेरांबूरमधल्या कारखान्याचे, मूळ डिझाइन स्विस, १९५५ पासूनचं. डुलत डुलत चालायचे, झोप झक्कास लागायची. घोळ होता जोडणीत. दोन डबे स्क्रूच्या साखळीने बांधलेले, बाजूला बफर. जोरात धडक बसली की एक डबा दुसऱ्यावर चढायचा, नाहीतर आत घुसायचा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे हॉलिडे स्पेशल घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. दरड कुठलाच डबा थोपवू शकत नाही. पण गाडी रुळावरून उतरल्यावर पुढे काय होतं, ते बरंचसं डब्यावर ठरतं.

आताचे लाल डबे एलएचबी, म्हणजे जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुशचं डिझाइन. यांचा कपलर मधोमध, एकावर एक चढू नये अशी त्याची रचना. ब्रेक डिस्कचे. लांबी दोनेक मीटर जास्त, म्हणून स्लीपरमध्ये ७२ ऐवजी ८० बर्थ. (नाहीतर २००७-०८ चा तो साइड मिडल बर्थ आठवा! लांबी तीच आणि माणसं ८१. लोणच्याची बरणीच ती.) फक्त गाडी सुटताना-थांबताना बसणारा झटका हे एलएचबीचं जुनं दुखणं. मान आखडते, पण जीव वाचत असेल तर आपलं मत झटक्याला.

इंजिनही बदललं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि कन्येचं डिझेल सुटलं. या मार्गावर ९१ बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. डिझेलच्या दिवसांत स्लीपरची खिडकी उघडी राहिली की सकाळी रुमाल काळा! शिवाय विजेच्या इंजिनातून एलएचबी डब्यांच्या पंख्या-दिव्यांना थेट वीज देता येते, जनरेटर घरघरत ठेवावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. नवे डबे आले की बऱ्याच गाड्यांत स्लीपर घटतात, थ्री-एसी वाढतात. तुम्हाआम्हाला परवडेल हो. गणपतीला पाच माणसांचं बिऱ्हाड घेऊन गावी निघालेल्याने काय करायचं?

आणि हो, झोपेचा फंडा. चाकं डब्याच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे मधल्या भागात खडखड कमी. नशिबाने ३३, ३६, ४१ किंवा ४४ मिळाला तर मधला, वर लोअर! बुकिंग हल्ली ६० दिवस आधी उघडतं. गणपतीची तारीख बघून आत्ताच उलटे दिवस मोजा.