वाट बघणारे नेताजी

शनिवारी रात्री 'नेताजी सुभाषचंद्र बोस: द फरगॉटन हिरो' पुन्हा पाहिला. श्याम बेनेगलांचा, २००५ सालचा. तेव्हा थिएटरात गेलो होतो ते गणवेशातले नेताजी आणि 'चलो दिल्ली' बघायला. काबूलचा भाग सुरू झाला तेव्हा मी बहुतेक पॉपकॉर्न आणायला बाहेर होतो. या वेळी मात्र तिथेच अडकलो.

विचार करा, दोन वेळा काँग्रेसचा अध्यक्ष झालेला माणूस. जानेवारी १९४१मध्ये नजरकैदेतून रात्री गाडीनं निसटतो. पुतण्या गाडी चालवतोय. पुढे पेशावरहून काबूलकडे जाताना पश्तू येत नाही म्हणून मुक्या-बहिऱ्या पठाणाचं सोंग! हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या माणसाला तोंड उघडायची बंदी. काबूलला पोचल्यावर सोव्हिएत वकिलातीच्या बाहेर बर्फात उभं राहायचं, कुणी दाद देत नाही. मागे लागलेल्या एका अफगाण पोलिसाचं तोंड बंद करायला हातातलं घड्याळ काढून द्यावं लागतं. शेवटी उत्तमचंद मल्होत्रा नावाचा रेडिओचा दुकानदार घरात आसरा देतो (कुलभूषण खरबंदा, झकास). जवळजवळ दीड महिना नुसती वाट बघणं. मग 'ऑर्लांडो मॅझोटा' या नावाचा इटालियन पासपोर्ट, मॉस्को आणि बर्लिन.

आपला सचिन खेडेकर इथे जे करतो ना, त्याला तोड नाही. भाषणं कुणीही ठोकेल हो. पण दुसऱ्याच्या दारात बसलेल्या मोठ्या माणसाची ती अवघडलेली नजर आणणं कठीण आहे. परागंदा होणं म्हणजे काय, तर रोज कुणाच्या तरी मेहेरबानीवर उठायचं.

बर्लिनमध्ये मात्र माझं बेनेगलांशी भांडण आहे. काबूलला माणूस लाचार होता, पण मिंधा नव्हता. बर्लिनला तो यजमानाचा मिंधा होतो. आझाद हिंद रेडिओ मिळतो, युद्धकैद्यांमधून सुमारे तीन हजारांची फौज उभी राहते. पण त्या जवानांच्या शपथेत हिटलरचंही नाव होतं! मे १९४२मध्ये हिटलरची भेट झाली, तर त्यानं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल हातावर तुरी दिल्या. फेब्रुवारी १९४३मध्ये नेताजी कीलहून जर्मन पाणबुडीत बसले, सोबत फक्त आबिद हसन. एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यातून जपानी पाणबुडीत. थरारक आहेच, वाद नाही. पण मागे व्हिएन्नात एमिली आणि जेमतेम अडीच महिन्यांची अनिता राहिली. आणि ते तीन हजार जवान? त्यांना पुढे फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर पाठवलं, १९४४मध्ये तर वाफेन-एसएसमध्ये ढकललं. ज्यांच्या शब्दावर शपथ घेतली ते पूर्वेला गेले, आणि हे दुसऱ्याची लढाई लढत बसले.

कॅमेरा नेताजींच्या मागे पाणबुडीत उतरतो. मला वाटतं, त्यानं थोडं किनाऱ्यावर थांबायला हवं होतं. त्यानं नेताजी लहान झाले नसते. देशासाठी माणूस किती किंमत मोजतो आणि त्यातली किती दुसऱ्यांना मोजायला लावतो, हे तरी कळलं असतं. आपल्याकडे एवढं बोललं तरी लोक अंगावर येतात. असो.

जाता जाता एक गंमत. पेशावर ते काबूल सोबत करणारा भगतराम तलवार इथे राजपाल यादवनं केलाय. हा पुढच्या काळात ब्रिटिशांसकट अनेक देशांसाठी एकाच वेळी हेरगिरी करत होता. एवढ्या जवळच्या सोबत्याचं हे! त्याच्यावर वेगळा सिनेमा व्हायला हवा, पण बेनेगल २०२४मध्ये गेले. आता कोण करणार?

लांबी साडेतीन तासांच्या आसपास आहे, रविवार राखून ठेवा. आणि काबूलला फॉरवर्ड करू नका.