एफ-वन दाबण्यापूर्वी



गेल्या महिन्यात परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसलो होतो. त्यांच्या चिरंजीवांनी संगणक सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली : ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’. खाली, पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबण्याची सूचना. त्यांनी ती सवयीने दाबली. “काका, आठ दिवस असेच येते. पण चालू होतो,” ते म्हणाले.

ती ओळ हार्ड डिस्कनेच दिलेली पूर्वसूचना असते. तबकडीचा एखादा भाग निकामी झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव भाग वापरते आणि त्याची नोंद ठेवते. राखीव निधीतून तूट भागवणाऱ्या खात्यासारखाच हा प्रकार. अशा नोंदी मर्यादेपलीकडे गेल्या की ही ओळ दिसू लागते. त्यानंतर डिस्क सहा महिने चालेल की संध्याकाळीच थांबेल, हे कोणीही सांगू शकत नाही.

अशा वेळी दुरुस्तीचा मोह आवरावा. ‘चेक डिस्क’सारखी तपासणी आजारी डिस्कला तासन्‌तास राबवते. आधी टॅली बंद करून तिचा संपूर्ण डेटा, जीएसटीची विवरणपत्रे व बिलांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. नंतर नवी डिस्क बसवावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र प्रतीचाही प्रयत्न न करता संगणक बंद करून ती तज्ज्ञाकडे द्यावी. ‘नो बूट डिव्हाइस’ हा संदेश वेगळा. तेथे कधी कधी डिस्क निर्दोष असते आणि केबल सैल झालेली असते. वीजजोडणी काढून ती एकदा नीट बसवून पाहावी.

“बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हवर,” असे चिरंजीव म्हणाले. बहुतेक दुकानांतील संगणकात सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच तिजोरीचे दोन कप्पे. तिजोरी गेली की दोन्ही गेले. बँकेत आम्ही दिवसाअखेर बॅकअप घेत असू आणि त्याची एक प्रत शाखेच्या इमारतीबाहेर ठेवत असू. त्या वेळी मला तो निव्वळ त्रास वाटे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप ठेवण्याचे बंधन नियम ५७ मध्ये स्वतंत्रपणे घातलेले आहे. ‘डिस्क गेली’ या उत्तराने अधिकाऱ्यांचे समाधान होत नाही.

त्या दुपारी आम्ही दुकानाचे काम थांबवून प्रत काढली. तीन तास लागले. चालू वर्षाचा डेटा सुखरूप उतरला. २०२०-२१ चा मात्र उघडेना. त्या वर्षाची छापील खतावणी माळ्यावर सापडली आहे आणि चिरंजीव रोज रात्री दुकान वाढवल्यावर ती पुन्हा भरत बसतात.