विश्लेषण : वसईत माती-बांबूची निसर्ग विश्रामस्थळे शक्य आहेत का? अडसर कशाचा?

मुंबईहून लोकलने तासा-दीड तासात पोहोचता येणारा वसई-विरारचा पट्टा अनेक वर्षांपासून ‘वीकेंड’ पर्यटनाचे ठिकाण आहे. कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रिसॉर्टची रांग आहे. मात्र पर्यटकांच्या एका वर्गाला आता जलतरण तलाव आणि डीजेऐवजी शांतता, योग, निसर्गोपचार आणि मातीच्या घरातला मुक्काम हवा आहे. पश्चिमेला केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या, पूर्वेला तुंगारेश्वरचे जंगल असलेल्या वसईला हे जमण्यासारखे आहे. पण स्थानिक साहित्याने बांधले म्हणजे बांधकाम पर्यावरणपूरक झाले, असे म्हणता येईल का?

ही संकल्पना नवी आहे का?

नाही. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे महात्मा गांधींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे चालवला. माती, पाणी, ऊन, आहार यांवर आधारित उपचारांची परंपरा महाराष्ट्रात तेव्हापासून रुजलेली आहे. बांधकामाच्या अंगाने पाहायचे तर पालघर जिल्ह्यातच उदाहरण आहे. वाडा तालुक्यातील गालतरे येथे ‘इस्कॉन’ने उभारलेल्या गोवर्धन इको व्हिलेजमध्ये मातीच्या दाबविटांची घरे आहेत. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तेथे आयआयटी मुंबईत विकसित झालेली ‘सॉईल बायोटेक्नॉलॉजी’ पद्धत वापरली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने २०१७ मध्ये या प्रकल्पाला पुरस्कार दिला.

वसईत ‘स्थानिक साहित्य’ कोणते?

कोकण म्हटले की जांभा दगड डोळ्यांसमोर येतो. पण जांभा दक्षिण कोकणातला. रत्नागिरीहून तीनशेहून अधिक किलोमीटर ट्रकने आणलेला दगड वसईत स्थानिक ठरत नाही. येथला दगड काळा, म्हणजे बेसाल्ट. जुन्या वसईतील घरांची जोती याच दगडाची आणि छपरे मंगलोरी कौलांची. पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांमध्ये कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा देऊन कुडाच्या भिंती बांधल्या जात. त्या हलक्या, थंड आणि दुरुस्तीला सोप्या असतात.

मातीच्या दाबविटांमध्ये साधारण ५ ते १० टक्के सिमेंट मिसळतात. त्या भाजाव्या लागत नसल्याने इंधन वाचते. बांबू तीन-चार वर्षांत तोडणीयोग्य होतो. मात्र त्यातील पिष्टामुळे कीड लागते. म्हणून तो पावसाळ्यानंतर तोडून वाहत्या पाण्यात भिजवणे किंवा बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात ठेवणे आवश्यक असते. हे टाळले, तर दोन-तीन वर्षांत खांबांचा भुसा पडू लागतो.

येथल्या पावसात मातीची भिंत टिकेल का?

टिकते, पण आराखडा पावसाचा विचार करूनच करावा लागतो. वसईत पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्यामुळे दगडाचे उंच जोते, रुंद पडवी, भिंतीबाहेर बरेच पुढे आलेले छप्पर आणि चुन्याचा गिलावा हवा. जुन्या घरांमध्ये हे सगळे होते. छायाचित्रांत शोभून दिसणाऱ्या नव्या ‘मड हाऊस’मध्ये अनेकदा नसते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईत अनेक ठिकाणी काही दिवस पाणी तुंबून राहिले होते. अशा सखल जागी कच्च्या मातीची भिंत तग धरू शकत नाही. तेथे जागेची निवड साहित्याच्या निवडीपेक्षा महत्त्वाची ठरते.

साहित्य आणायचे कुठून?

येथे खरी अडचण सुरू होते. कारवी मुबलक आहे ती तुंगारेश्वरच्या डोंगरात. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचा हा परिसर २००३ पासून अभयारण्य आहे. व्यावसायिक वापरासाठी तेथून काठ्या तोडता येत नाहीत. बांबूचे तसे नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू हा कायदेशीर आणि शेतकऱ्याला उत्पन्न देणारा पर्याय ठरतो. माती आणि दगड ही गौण खनिजे असल्याने त्यांच्या उत्खननाला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागू होते. अवैध मातीभराव आणि वैतरणा खाडीतील रेतीउपसा हे या भागाचे जुने दुखणे आहे. टेकडी पोखरून आणलेल्या मातीचे घर ‘नैसर्गिक’ असले, तरी निसर्गपूरक नसते.

किनाऱ्यावर आणि जंगलालगत नियम काय?

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असते. २०११ च्या जनगणनेनुसार प्रति चौरस किलोमीटर २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या दाट वस्तीच्या भागात ते ५० मीटर असते. घर बांबूचे आहे म्हणून सूट मिळत नाही. तात्पुरत्या पर्यटन सुविधांसाठी वेगळी तरतूद असली, तरी तिलाही परवानगी लागतेच. अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रातही नव्या व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्टवर साधारणपणे बंदी असते आणि लहान, तात्पुरत्या निसर्ग पर्यटन सुविधांना मर्यादित मुभा असते. शेतकऱ्यांना राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून शेतीला पूरक व्यवसाय म्हणून छोटे केंद्र चालवता येते.

पाण्याचा मुद्दा कळीचा का?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायत बावखलांवर उभी आहे. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहतात. समुद्र जवळ असल्याने उपसा वाढला, की विहिरींमध्ये खारे पाणी शिरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ‘हरित वसई’ आंदोलनात बिल्डरांइतकाच रोष पाणी उपसणाऱ्या टँकरवरही होता. त्यानंतरही बांधकामांसाठी अनेक बावखले बुजवली गेली.

विश्रामस्थळात स्नानगृहे, चादरी-टॉवेलची धुलाई, हिरवळ, जलोपचाराची टाकी अशा सगळ्यांसाठी पाणी लागते. बावखल बुजवून मातीची कुटी बांधली, तर नुकसान काँक्रीटच्या इमारतीइतकेच होते. उलट बावखल राखून, सांडपाणी शुद्ध करून केळीच्या वाडीला दिले, तर तेच केंद्र हरित पट्टा टिकवण्याचे कारण ठरू शकते.

फायदा कोणाला होणार?

ग्रामीण घरकुल योजनांमध्ये कुडाच्या भिंतीचे घर ‘कच्चे’ ठरते आणि त्याच्या जागी सिमेंटचे घर मिळते. गळके छप्पर आणि दरवर्षीची डागडुजी सोसलेल्या कुटुंबाला ते हवेच असते. पण त्यामुळे कूड बांधण्याचे, सारवण्याचे कसब पुढच्या पिढीकडे जात नाही. एकीकडे आदिवासी मातीच्या घरातून बाहेर पडत आहे आणि दुसरीकडे शहरातला माणूस त्याच घरात राहण्यासाठी पैसे मोजत आहे. हे कसब जाणणाऱ्यांना रोजंदारीवरचे मजूर न मानता कारागीर म्हणून मोबदला आणि दरवर्षीच्या देखभालीचे काम मिळाले, वाडीवाल्याने जमीन विकण्याऐवजी स्वतः केंद्र चालवले, तर पैसा गावात राहील. अन्यथा जमीन बाहेरच्या गुंतवणूकदाराची आणि पाणी मात्र गावाचे, हा वसईचा जुना अनुभव पुन्हा येईल.